खिडकीत दिसलेला नवरा गेला कुठे? जेरेमी ब्रेटच्या शेरलॉक होम्समधल्या एका भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या शेरलॉक होम्स मालिकेचे १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत ४१ भाग झाले. त्यात खून आहेत, दरोडे आहेत, ब्लॅकमेल आहे. पण नुकतीच मालिका पाहायला घेतलेली मंडळी एका भागापाशी हटकून अडतात आणि विचारत सुटतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पहिल्या काही उत्तरांत रहस्य फोडलेलं नाही. फोडायची वेळ येईल तिथे आधी सांगितलं आहे.

हा भाग नेमका कोणता?

‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’. १३ ऑगस्ट १९८६ रोजी ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर दाखवला गेला. ‘द रिटर्न ऑफ शेरलॉक होम्स’ या टप्प्यातला हा भाग. जेरेमी ब्रेट होम्स, एडवर्ड हार्डविक वॉटसन. पटकथा अ‍ॅलन प्लेटर यांची. बेपत्ता झालेला नेव्हिल सेंट क्लेअर आहे क्लाइव्ह फ्रान्सिस, त्याची बायको एलिनॉर डेव्हिड आणि इन्स्पेक्टर ब्रॅडस्ट्रीट डेनिस लिल. मूळ कथा आर्थर कॉनन डॉयल यांची, ‘स्ट्रँड’ मासिकाच्या डिसेंबर १८९१ च्या अंकातली.

शेवट न सांगता गोष्ट सांगता येईल का?

येईल. लंडनजवळच्या ली गावात सेंट क्लेअर नावाचा सुखवस्तू गृहस्थ राहतो. बंगला, बायको, दोन लहान मुलं. रोज सकाळी कामाला शहरात जातो आणि कॅनन स्ट्रीट स्टेशनवरून संध्याकाळी ५:१४ च्या गाडीने परततो. एका सोमवारी तो नेहमीसारखा निघतो, जाताना धाकट्यासाठी खेळण्यातल्या विटांची पेटी आणायचं कबूल करतो. त्याच दिवशी बायकोलाही एक पार्सल घ्यायला अचानक शहरात जावं लागतं. गोदीजवळच्या एका बकाल गल्लीतून ती चालली असताना वरून ओरडणं ऐकू येतं. मान वर करते तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत नवरा! अंगात सकाळचाच कोट, पण कॉलर नाही, टाय नाही. तो हात हलवतो आणि पुढच्या क्षणी कुणीतरी मागून ओढल्यासारखा दिसेनासा होतो.

खाली अफूचा अड्डा. ती आत शिरायला जाते तर अड्डेवाला तिला ढकलून बाहेर काढतो. धावत जाऊन ती पोलीस आणते. पोलीस वर जातात, तर तिथे नवरा नाही, फक्त एक भिकारी.

भिकारी कोण?

ह्यू बून. थ्रेडनीडल स्ट्रीटवर, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडच्या परिसरात, काड्यापेट्या विकायचं निमित्त करून बसणारा. भगव्या रंगाचे केस, चेहऱ्यावर व्रण, त्या व्रणाने वर ओढला गेलेला ओठ. कुणी थट्टा केली तर जागच्या जागी परतफेड करणारा, त्यामुळे शहरातले बाबू लोक त्याला ओळखून होते.

खोलीत विटांची पेटी सापडते. पडद्यामागे नवऱ्याचे कपडे सापडतात, फक्त कोट नाही. खिडकीच्या चौकटीवर रक्त आहे आणि खिडकीखाली थेम्सचं पाणी. पोलीस बूनला खुनाच्या संशयावरून धरतात. ओहोटी लागल्यावर कोट चिखलात मिळतो, खिसे चिल्लरीने गच्च भरलेले. प्रेत मात्र सापडत नाही.

बेपत्ता माणसांच्या गोष्टी ढिगाने आहेत. यात वेगळं काय?

साधारणपणे अशा गोष्टीत माणूस शेवटचा दिसतो ती जागा आणि पुढचा माग यांच्यात मोठी पोकळी असते. डिटेक्टिव्ह ती पोकळी भरतो. रेल्वे स्टेशन, हॉटेलची नोंदवही, टांगेवाला, असं एकेक पाऊल टाकत जातो. इथे पोकळीच नाही. माणूस दिसला तेव्हा साक्षीदार खाली रस्त्यावर होती, पोलीस थोड्या वेळात आले, खोली एक, मागची खिडकी एक. आणि पळून जायला काही कारणही नव्हतं. कर्ज ८८ पौंड १० शिलिंग, बँकेत शिल्लक २२० पौंड. व्यसन नाही, बाई नाही, भांडण नाही.

म्हणून होम्सला इथे धावपळीचा काही उपयोग होत नाही. तो उशा जमवतो, त्यांवर मांडी ठोकतो आणि रात्रभर तंबाखू ओढत बसतो. ‘स्ट्रँड’मध्ये सिडनी पॅजेट यांनी या बैठकीचं चित्र काढलं होतं आणि ग्रॅनडाची मंडळी पॅजेटच्या चित्रांना फार मानायची. ब्रेटची ती बैठक बघण्यासारखी आहे. एरवी हा नट एका जागी बसत नाही. सोफ्यावरून उडी मारतो, हात झटकतो, वाक्य अर्धवट टाकून खिडकीशी जातो. इथे तो गप्प बसतो आणि तरीही नजर त्याच्यावरून हलत नाही.

इथून पुढे रहस्य फुटणार का?

हो. भाग पाहायचा असेल तर आधी पाहून या, पन्नासेक मिनिटांचा आहे.

तर मग, नवरा कुठे होता?

पोलिसांच्या कोठडीत. स्वतःच्याच खुनाच्या संशयावरून.

ह्यू बून आणि नेव्हिल सेंट क्लेअर ही एकच व्यक्ती. अड्ड्यावरच्या खोलीचा भाडेकरू तोच. बायको दिसताच तो पुन्हा बूनच्या वेषात शिरला. होम्स सकाळी बो स्ट्रीटच्या पोलीस ठाण्यात जातो, सोबत बॅगेत अंघोळीचा स्पंज घेऊन. झोपलेल्या कैद्याचं तोंड ओल्या स्पंजने खसाखसा पुसतो. व्रण जातो, ओठ सरळ होतो, केसांचा टोप निघतो आणि आत एक फिकट, देखणा, घाबरलेला गृहस्थ सापडतो. ब्रॅडस्ट्रीटने आधी तक्रार केलेलीच असते की हा कैदी काही केल्या तोंड धुवायला तयार नाही.

सेंट क्लेअर पूर्वी नट होता, मग संध्याकाळच्या एका दैनिकात बातमीदार झाला. भिकाऱ्यांवर लेखमाला लिहायची म्हणून त्याने रंगभूषा करून एक दिवस भीक मागितली आणि २६ शिलिंग ४ पेन्स मिळाले. त्याचा पगार आठवड्याला २ पौंड, म्हणजे ४० शिलिंग. पुढे एका मित्राला जामीन राहिल्यामुळे २५ पौंडांची भरपाई गळ्यात पडली. सुट्टी काढून तो पुन्हा रस्त्यावर बसला आणि दहा दिवसांत पैसे फेडून मोकळा झाला. त्यानंतर नोकरीत त्याचं मन लागेना, यात नवल नाही. भिकेतून वर्षाला ७०० पौंड मिळू लागले.

वर्षाला ७०० पौंड भिकेत? पटत नाही.

अनेकांना पटलेलं नाही. पण डॉयलने आकडे निष्काळजीपणे टाकलेले नाहीत. कोटाच्या खिशांत ४२१ पेन्या आणि २७० अर्ध्या पेन्या सापडतात. त्या काळी १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड. बेरीज होते २ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स. आता वर्षाचे ७०० पौंड साधारण ३०० कामाच्या दिवसांनी भागा. रोजचे येतात २ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. म्हणजे नदीत फेकलेला कोट एका दिवसाच्या गल्ल्याने भरलेला होता. सेंट क्लेअर म्हणतोही तेच, की कमाई थैलीतून नुकतीच कोटात ओतली होती. चार पेन्सचा फरक सोडला तर हिशेब चोख बसतो. मुद्दाम बसवला की योगायोगाने बसला, हा वाद घालायला मोकळीक आहे.

वजनही पाहा. त्या काळची ब्राँझची पेनी सुमारे साडेनऊ ग्रॅमची आणि अर्धी पेनी पावणेसहा ग्रॅमच्या आतबाहेर. सगळी मिळून साडेपाच किलोच्या आसपास. कोट पाण्यात बुडायला आणि ओहोटीतही वाहून न जायला तेवढं पुरेसं आहे.

खटकते ती वेगळीच गोष्ट. ६९१ नाणी म्हणजे आठ तास धरले तरी दर ४०-४२ सेकंदांना एक नाणं. थ्रेडनीडल स्ट्रीट कितीही गजबजलेला असला तरी इतका दानशूर रस्ता जगात कुठे नसावा.

पोलिसांना एवढी साधी गोष्ट कशी कळली नाही?

कारण पुरावा खोटा नव्हता. कपडे सेंट क्लेअरचे होते, रक्त खरं होतं (बूनने बोट कापल्याचं सांगितलं आणि तेही खरंच होतं), कोट नदीत फेकला गेला होता. यावरून कुणीही म्हणेल की इथे दोन माणसं होती आणि आता एकच उरलाय. दोघांना एकत्र कुणीच पाहिलेलं नाही, हे मात्र कुणी विचारात घेतलं नाही. बायकोने पाहिला तो नवरा, पोलिसांनी पाहिला तो भिकारी.

शिवाय त्या काळच्या हवालदाराला एक सभ्य गृहस्थ आणि एक लंगडा भिकारी यांची एकच व्यक्ती होऊ शकते असं सुचणं जवळपास अशक्य. हे गावंढळपण म्हणता येणार नाही, ती त्या समाजाची चौकट होती. सेंट क्लेअर त्याच चौकटीचा आडोसा घेऊन वर्षानुवर्षं जगला.

मग ते पत्र? नवऱ्याच्या हस्ताक्षरात, अंगठीसकट आलेलं?

या गोष्टीतला सर्वांत लबाड धागा. होम्स बाईंना अगदी सरळ सांगतो की तुमचा नवरा जिवंत असेल असं मला वाटत नाही. त्यावर बाई शांतपणे म्हणतात की मला आज त्याचं पत्र आलंय. होम्स खुर्चीतून ताडकन उठतो.

पत्र नवऱ्याच्या हातचं, पण पाकीट दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं. त्यावर नाव गडद शाईत आहे, पत्ता फिकट. म्हणजे नाव लिहून शाई आपोआप वाळली, नंतर पत्ता शोधून लिहिला आणि लगेच टिपकागदाने टिपला. लिहिणाऱ्याला पत्ता पाठ नव्हता. पाकीट थेम्सकाठच्या ग्रेव्हसेंड गावाहून टाकलेलं, त्यावर मळक्या अंगठ्याचा ठसा. आतला मजकूर पेन्सिलीने, पुस्तकातून फाडलेल्या कोऱ्या पानावर.

एवढं वाचूनही होम्स हुरळून जात नाही. पत्र सोमवारीच लिहून शुक्रवारी पोचलं असू शकतं, तेव्हा त्यावरून माणूस आज जिवंत आहे हे ठरत नाही. घडलंही तसंच होतं. सेंट क्लेअरने ते घाईघाईत खरडून अड्डेवाल्याकडे दिलं, त्याने एका खलाशाकडे आणि खलाशी ते टाकायचं विसरला. म्हणजे पत्राने रहस्य सुटत नाही. त्याने फक्त होम्सला रात्रभर जागवलं.

बायकोला खरंच काही माहीत नव्हतं?

नव्हतं. मला विचाराल तर या भागाचा जीव इथे आहे. लोक म्हणतात, सेंट क्लेअर सोमवारी बेपत्ता झाला. तो सोमवारी बेपत्ता झाला नाही, सोमवारी सापडला. बेपत्ता तो लग्नाच्या दिवसापासूनच होता, रोज सकाळपासून ५:१४ पर्यंत. शहरात त्याचे काहीतरी व्यवहार आहेत, एवढंच बाईंना माहीत. घर चालत होतं, मुलं वाढत होती, कुणी विचारलं नाही.

गंमत अशी की याच बाईंना नवऱ्याच्या बोटाला झोपायच्या खोलीत कापलं तर खालच्या खोलीत बसून कळतं. मूळ कथेत त्या स्वतः हे सांगतात आणि होम्स ते हसण्यावारी नेत नाही. इतकं जवळचं नातं आणि तरी तो कमावतो कसा हे ठाऊक नाही. कोठडीत सेंट क्लेअरला फाशीची तेवढी भीती वाटत नाही, मुलांना बापाची लाज वाटेल ही भीती वाटते. ‘खुनी’ हा शिक्का चालेल, ‘भिकारी’ नको.

टीव्हीवर एकच नट दोन भूमिकांत आहे हे लगेच कळत नाही का?

काहींना कळतं आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पुस्तकात लेखक बूनचं वर्णन करतो, वाचक ते स्वीकारतो, चेहरा तपासत नाही. कॅमेऱ्याला ती सवलत नाही. कथेत तर ओठ वाकडा करायला कातडीच्या रंगाची एक छोटी चिकटपट्टी पुरते. पडद्यावर तेवढ्याने भागलं नसतं, म्हणून क्लाइव्ह फ्रान्सिसवर भरपूर रंगभूषा चढवली आहे.

तरी खरं काम आवाज आणि अंग करतात. बूनची मिजास आणि सेंट क्लेअरचा संकोच एका माणसाचे वाटत नाहीत. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं की बून जास्त मोकळा आहे. रस्त्यावर बसलेला हा नट आपलं काम मनापासून करतोय, घरी परतणारा साहेबच थोडा अवघडलेला आहे.

मूळ कथेपासून फार बदल केलेत का?

फार नाहीत. मोठा बदल वॉटसनच्या घरात. कथेत तो लग्न होऊन वेगळा राहतो आणि बायकोच्या मैत्रिणीचा अफूबाज नवरा शोधायला रात्री बाहेर पडतो. ग्रॅनडाने वॉटसनचं लग्नच होऊ दिलं नाही, त्यामुळे ती मैत्रीण थेट बेकर स्ट्रीटला येते. वॉटसन अड्ड्यात जातो आणि कोपऱ्यातला एक जख्ख म्हातारा अफूबाज हळूच त्याच्याशी बोलतो. तो होम्स. म्हणजे एकाच गोष्टीत दोन बेपत्ता नवरे आणि वेष पालटलेली दोन माणसं. पहिला नवरा दहा मिनिटांत सापडतो, तेव्हा प्रेक्षक निर्धास्त होतो. रचनेतली ही खोड मला फार आवडते.

शेवटी गुन्हा कोणता ठरला?

खून नाही, कारण मेलेला माणूस समोर उभा. उरतं ते भीक मागणं, जे इंग्लंडमध्ये १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याने गुन्हाच होता. काड्यापेट्यांचं निमित्त त्यासाठीच. ब्रॅडस्ट्रीट प्रकरण मिटवायला तयार होतो, अट एकच: ह्यू बून पुन्हा दिसता कामा नये.

त्या काळी लंडनमध्ये अफूचे अड्डे राजरोस चालायचे?

चालायचे. १८६८ च्या कायद्याने अफूची विक्री औषधविक्रेत्यांपुरती ठेवायचा प्रयत्न झाला, पण ओढण्यावर बंदी नव्हती. कडक कायदे पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि १९२० मध्ये आले. अड्डे मात्र कथा-कादंबऱ्यांत आहेत त्याहून खूप कमी होते आणि बरेचसे लाइमहाउस भागातल्या चिनी खलाशांच्या खोल्या होत्या. गोष्टीतली अप्पर स्वँडम लेन ही गल्ली तर काल्पनिकच.

अड्डेवाला ‘लास्कर’ आहे असं म्हणतात. म्हणजे आपला कोणी?

असू शकतो. लास्कर म्हणजे ब्रिटिश जहाजांवरचे आशियाई खलाशी. पी अँड ओ कंपनीच्या मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी आणि आसपासच्या किनाऱ्यावरचे असत, बरेचसे कोकणी मुसलमान. त्यांचे सारंग आणि तांडेल हे हुद्दे कोकणात अजून आडनावांत ऐकू येतात. स्वयंपाकघर आणि सलून सांभाळायला गोव्याची माणसं. परतीची बोट मिळेपर्यंत ही मंडळी लंडनच्या गोदीत अडकून पडत, फार कमी पगारावर. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाउसला एक निवाराघरही उघडलं होतं.

डॉयलने मात्र लास्करला नावसुद्धा दिलेलं नाही. तो दुष्ट आहे, एवढीच त्याची ओळख. आज हा भाग बघताना ते बोचतं आणि बोचायलाच हवं. कारण शेवटी लक्षात येतं की या ‘दुष्टाने’ काहीच केलेलं नाही. भाडेकरूचं गुपित त्याने पोलिसांपुढेही फोडलं नाही.

ही कल्पना डॉयलचीच का?

सुशिक्षित माणूस घरच्यांपासून लपवून रस्त्यावर कमावतो, हे इंग्रज कादंबरीकार थॅकरेने १८३८ मध्येच एका विनोदी कथेत लिहिलं होतं. तिथला नवरा रस्ता झाडून पैसे मिळवतो. वेष पालटून बातमी काढण्याचंही उदाहरण होतं. जेम्स ग्रीनवुड या पत्रकाराने १८६६ मध्ये फाटके कपडे घालून बेघर गरिबांच्या आश्रयगृहात रात्र काढली आणि ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये त्यावर लिहून खळबळ उडवली. यातलं डॉयलने काय वाचलं होतं त्यापेक्षा या मालमसाल्यात त्याने घातलेला खुनाचा संशय महत्त्वाचा. तो त्याचाच.

कथेत चुका आहेत म्हणे?

आहेत, आणि होम्सप्रेमी त्या मिटक्या मारत सांगतात. वॉटसनचं नाव जॉन, पण इथे त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणते. कथेतली तारीख आहे १९ जून १८८९, शुक्रवार. त्या दिवशी प्रत्यक्षात बुधवार होता. ग्रॅनडाच्या वॉटसनला बायकोच नसल्याने पहिली चूक टीव्हीवर आपोआप गळाली.

हा आवडला तर पुढे कोणते भाग पाहावेत?

१९८६ च्या त्याच उन्हाळ्यात आणखी दोन बेपत्ता प्रकरणं आली होती. ‘द प्रायरी स्कूल’मध्ये उमरावाचा मुलगा शाळेतून नाहीसा होतो, ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’मध्ये बटलर. दुसरं आधी पाहा, ते जास्त गडद आहे. १९८५ चा ‘द नॉर्वुड बिल्डर’ या भागाचा उलटा भाऊ शोभतो, कारण तिथेही प्रेत नसलेला खून आहे, पण नाहीसं होण्यामागे हेतू भलताच. १९९१ च्या ‘द डिसअपिअरन्स ऑफ लेडी फ्रान्सिस कारफॅक्स’मध्ये बेपत्ता बाई शोधताना होम्सचा अंदाज उशिरा लागतो. तो रात्री एकट्याने पाहायच्या आधी विचार करा.